बेत आणि माया

काही वर्षांपूर्वी रायपूरच्या शंकरनगरात एका परिचित मराठी कुटुंबाकडे मी उतरलो होतो. घरातील आजींची जुनी लोखंडी पेटी त्या दिवशी आवरली जात होती. तिच्या तळाशी वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या कागदांची एक गुंडाळी निघाली. रद्दी समजून सूनबाईंनी ती बाजूला टाकली, तोच आजी म्हणाल्या, "अगं, राहू दे, ते बेत आहेत माझे." झबल्याचा, कुंचीचा, पोलक्याचा असे ते कापलेले कागद होते आणि कडेला शिसपेन्सिलीने मुलांची मापे मांडलेली होती.

'बेत' हा शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. मनातील योजनेला आपण बेत म्हणतो आणि कापड मापाने कापण्यालाही बेतणे म्हणतो. शिवणाच्या इतिहासात टाक्याचे कौतुक फार झाले. बेताकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले.

भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगढात आली आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. त्या काळात आणि पुढेही जी मराठी कुटुंबे इकडे स्थिरावली, त्यांनी आपला वेषही बरोबर आणला. लुगड्याला सुई लागत नसे. गोधडी आणि दुपटे घरच्या घरी धावदोऱ्याने होत. त्यांना मापाची फारशी अडचण नव्हती. चोळी मात्र अंगाबरोबर बसावी लागे. तिच्यासाठी गुळेदगुड्डचा विणकर जे कापड विणी, ते एका चोळीपुरतेच असे, म्हणून त्याला 'खण' म्हणत. म्हणजे बेताचा पहिला भाग मागावरच उरकलेला असे. उरलेला भाग शिंप्याच्या किंवा घरातील एखाद्या जाणत्या बाईच्या हातात असे आणि तो पाहूनच शिकावा लागे.

पुढे यंत्र आले. अमेरिकेत एलियास हाऊ याने 1846 मध्ये व आयझॅक सिंगर याने 1851 मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले. सिंगरच्या कंपनीने ते हप्त्याने विकावयास आरंभ केला, तेव्हा ते सामान्यांच्या घरात शिरले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये शिवणयंत्राचा अपवाद केला होता. पण यंत्र टीप मारते. कात्री कोठे चालवावी, हे ते सांगत नाही. ही उणीव अमेरिकेतील शिंपी एबेनेझर बटरिक याने ओळखली आणि 1863 पासून निरनिराळ्या मापांचे कागदी बेत विक्रीस काढले.

आपल्याकडे ही विद्या बाजारातून येण्यापेक्षा वर्गातून अधिक आली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथील शिवणाच्या वर्गांत विधवा आणि निराधार स्त्रियाही येत. त्यांच्यापुढे प्रश्न हौसेचा नव्हता, पोटाचा होता. नुसते टाके घालणारीला मजुरी मिळते; बेतणारीला गिऱ्हाईक मिळते. पुढे झारापकर यांच्यासारख्या शिक्षकांनी कापण्याची पद्धत पुस्तकांत मांडली आणि शिंप्याच्या बोटांतील ज्ञान कागदावर उतरले.

त्या ज्ञानाचे सूत्र साधे आहे. कापडाची चौघडी घालावयाची, छातीच्या मापाचा चौथा भाग घ्यावयाचा, अंगाला सैलपणा राहावा म्हणून थोडे वाढवावयाचे आणि शिवणीसाठी कड सोडावयाची. आधी कागदावर चूक करून पाहावी. कागद पुन्हा मिळतो, कापड मिळत नाही. 1943 मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले. त्या टंचाईत वडिलांच्या जुन्या सदऱ्यातून मुलाचे झबले काढता येणे म्हणजे घराची अब्रू राखणेच होते. या कामाची नोंद कोणत्याही जमाखर्चात झाली नाही.

आता तयार कपडे जागोजाग मिळतात आणि शिवण हा बहुतेकांचा छंद उरला आहे. छंदही चांगलाच, परंतु त्याच्यामागे उभी असलेली काटकसर व स्वावलंबन आपण विसरू नये.

आजींनी त्या दिवशी पोलक्याचा बेत उलगडून नातीला दाखविला. बाजूच्या शिवणीला भरपूर कड सोडलेली होती. "एवढे जास्त कशाला?" असे तिने विचारले. वाढत्या अंगासाठी शिवणीत राखून ठेवलेल्या या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. दरवर्षी टीप उसवून ती थोडी सोडावयाची, म्हणजे तेच पोलके आणखी एक वर्ष पुरते. नातीने त्या बेतावर नवा कागद ठेवला आणि माया धरून तो गिरवून घेतला.