ज्युबिलीच्या दिवशीं कोळ्यांनीं विचारलेला प्रश्न

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या ह्या स्मरणिकेंत देवळाच्या पायाभरणीचा, घंटेचा, पूर्वीच्या धर्मगुरूंचा व दानशूर कुटुंबांचा वृत्तांत इतर लेखकांनीं सविस्तर दिला आहे. तो पुन्हां सांगून वाचकांचा वेळ घेण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. आमच्या वांट्याला आलेलीं हीं चार पानें आम्ही एका दूरच्या किनाऱ्यावरील हकीकतीस देत आहों. त्याचें कारण असें कीं, स्मरणिकेची आंखणी चालू असतां एके सायंकाळीं एक वयोवृद्ध वाडीवाले आमच्याकडे आले, वर्गणीचे पैसे मेजावर ठेविले आणि म्हणाले, "फादर, उत्सव थाटानें करा. पण वाडींत राबून ज्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं, त्यानें कसला उत्सव करायचा, तेंही एकदां देवळांत सांगा." त्या वेळीं त्यांस नीट उत्तर देणें आम्हांस साधलें नाहीं. परंतु हाच प्रश्न सुमारें शंभर वर्षांपूर्वीं कॅनडा देशांतील कोळ्यांनीं एका ज्युबिलीच्याच दिवशीं विचारला होता, हें आम्हांस मागाहून आठवलें. त्या प्रश्नांतून पुढें काय घडलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

नोव्हा स्कोशिया हा कॅनडाच्या पूर्व टोंकास अटलांटिक महासागरांत शिरलेला प्रांत आहे. त्याच्या पूर्व भागांत व केप ब्रेटन बेटावर स्कॉटिश, आयरिश व फ्रेंच वंशाच्या कॅथलिक कुटुंबांची मोठी वस्ती होती. कोणी कॉड मासा, बांगडा व शेवंड धरी, कोणी खडकाळ जमीन कसी, कोणी कोळशाच्या खाणींत उतरे. समुद्र उदार होता, माणसें कष्टाळू होतीं, आणि तरीही घरांत दारिद्र्य होतें. ह्याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. हंगामाच्या आरंभीं व्यापारी मीठ, दोर, पीठ व चहा उधारीवर देई आणि हंगाम संपला कीं त्या उधारीपोटीं मासळी उचली. दिलेल्या मालाची किंमत तोच ठरवी, घेतलेल्या मासळीची किंमतही तोच ठरवी, आणि हिशेबाची वहीही त्याच्याच दुकानांत असे. बाप मेला तर बाकी मुलाच्या नांवावर चढे. पहिल्या महायुद्धानंतर मासळीचे भाव कोसळले. वाफेवर चालणाऱ्या ट्रॉलर बोटी किनाऱ्यावरच्या लहान होडक्यांच्या तोंडचा घास घेऊं लागल्या. तरुण मंडळी गांव सोडून अमेरिकेच्या शहरांकडे चालूं लागली, आणि ज्या देवळांत एके काळीं बसावयास जागा मिळत नसे तेथें बांकें रिकामीं दिसूं लागलीं.

ह्या प्रांतांतील अँटिगोनिश गांवीं सेंट फ्रान्सिस झेव्हियर ह्यांच्या नांवाचें विद्यापीठ आहे. तेथें फादर जेम्स टॉम्पकिन्स हे उपाध्यक्ष होते. लोक त्यांस प्रेमानें फादर जिमी म्हणत. शरीरानें लहान, प्रकृतीनें अशक्त, परंतु मनानें अत्यंत अस्वस्थ असा हा पुरुष होता. विद्यापीठ हें थोड्या मुलांस पदव्या देण्यासाठीं नसून सर्व लोकांसाठीं आहे, अशी त्यांची निष्ठा होती. १९२१ सालीं त्यांनीं "लोकांसाठीं ज्ञान" ह्या अर्थाच्या नांवाची एक पुस्तिका काढिली. त्याच वर्षीं शेतकरी व कामकरी लोकांकरितां अँटिगोनिश येथें एक लोकशाळा भरविण्यांत आली. तिला ना प्रवेशपरीक्षा होती, ना फी.

पुढें प्रांतांतील सर्व महाविद्यालयें एकत्र करण्याची एक योजना निघाली. फादर टॉम्पकिन्स ह्यांनीं तिचा हिरिरीनें पुरस्कार केला, परंतु त्यांच्या बिशपमहाशयांना ती मान्य नव्हती. १९२२ च्या अखेरीस फादर टॉम्पकिन्स ह्यांची बदली कॅन्सो नांवाच्या कोळ्यांच्या गांवीं झाली. बहुतेकांनीं तिला शिक्षाच मानिलें. बावन्न वर्षांचा विद्वान प्राध्यापक, आणि समोर लिहितांवाचतां न येणारे, कर्जानें वांकलेले कोळी! आज्ञा शिरसावंद्य मानून ते गेले. कॅन्सोच्या धक्क्यावर ते कोळ्यांशीं तासन्‌तास बोलत बसत, भेटेल त्याच्या हातीं वाचावयाचा कागद देत आणि पुनःपुन्हां एकच विचारीत: तुमची ही स्थिति कां आहे, आणि तुम्हीं तिच्याविषयीं काय करणार? परमेश्वर बिशपांच्या सहीच्या कागदावरूनही आपलें काम कसें करून घेतो, ह्याचें हें एक उदाहरण आहे.

१ जुलै १९२७ रोजीं कॅनडाच्या राज्यसंघाची साठ वर्षें पुरीं झालीं. देशभर हिरक ज्युबिली साजरी होत होती. निशाणें लागलीं, तोफा उडाल्या, भाषणें झालीं. कॅन्सोचे कोळी मात्र एकत्र जमले आणि एकमेकांस विचारूं लागले कीं, ह्या साठ वर्षांत आपल्या पदरांत काय पडलें कीं आपण उत्सव करावा? फादर टॉम्पकिन्स ह्यांनीं तो प्रश्न वर्तमानपत्रांपर्यंत पोंचविला. त्या भागांतील इतर धर्मगुरूही त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. परिणामीं सरकारला न्यायमूर्ति मॅक्लीन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक चौकशीमंडळ नेमावें लागलें. त्या मंडळापुढें फादर मोझेस कोडी ह्यांनीं साक्ष दिली. हे फादर टॉम्पकिन्स ह्यांच्या नात्यांतले, एकाच मार्गारी खोऱ्यांतले, उंच धिप्पाड बांध्याचे प्राध्यापक होते. कोळ्यांनीं सहकारी संघ बांधावेत, अशी शिफारस मंडळानें केली. १९२८ सालीं विद्यापीठानें लोकशिक्षणासाठीं एक स्वतंत्र विस्तार विभाग उघडला व त्याची सूत्रें फादर कोडी ह्यांच्या हातीं दिलीं. ह्या कार्यालाच पुढें अँटिगोनिश चळवळ हें नांव पडलें.

ह्या चळवळीची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. फादर कोडी गांवांत जात, सभा भरवीत व लोकांच्या समजुतींना चांगला धक्का देत. पण सभा झाली कीं काम झालें, असें ते मानीत नसत. पांच ते दहा शेजाऱ्यांचें एक अभ्यासमंडळ स्थापन होई. तें कोणाच्या तरी स्वयंपाकघरांत दिवेलागणीनंतर बसे. ज्यास वाचतां येई तो वाची, इतर ऐकत व वाद घालीत. वर्षाकांठीं आपल्या घरांत पीठ किती लागतें, त्यास आपण काय मोजतों, आपली शेवंड किनाऱ्यावर काय भावानें जाते व शहरांत काय भावानें विकते, मधला पैसा कोणाच्या हातीं राहतो, हे त्यांचे धडे असत. आधीं अभ्यास, मग बचत, मग दुकान अथवा कारखाना, असा क्रम होता. १९३८ पर्यंत अशीं हजाराहून अधिक मंडळें झालीं व त्यांची सभासदसंख्या सुमारें दहा हजारांवर गेली. ज्यांनीं शाळेचें तोंड क्वचितच पाहिलें होतें, अशीं हीं माणसें होतीं.

फळ काय आलें? कॅन्सोजवळ लिटल डोव्हर नांवाची अत्यंत गरीब वाडी होती. तेथल्या कोळ्यांनीं अभ्यास करून स्वतःच रानांतून लांकूड तोडून आणिलें आणि शेवंड डब्यांत भरण्याचा आपला कारखाना आपल्या हातांनीं उभारला. १९३० सालीं हॅलिफॅक्स येथें किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा संयुक्त संघ स्थापन झाला. १९३२ सालीं पतपेढ्यांचा कायदा मंजूर झाला आणि गांवोगांवीं नाणीं नाणीं साठवून पेढ्या निघाल्या, त्यामुळें मीठ व दोर रोखीनें घेणें कोळ्यास शक्य होऊं लागलें. १९३५ सालीं फादर टॉम्पकिन्स हे रिझर्व्ह माइन्स ह्या खाणकामगारांच्या गांवीं गेले. त्यांनीं आपल्या राहत्या घराची पुढची खोली वाचनालयास दिली. तेथल्या कामगारांनीं मेरी आर्नल्ड ह्या अमेरिकन बाईंच्या मार्गदर्शनाखालीं प्रथम घरबांधणीचा अभ्यास केला आणि मग १९३८ सालीं सहकारानें अकरा घरें बांधिलीं. त्या वस्तीस त्यांनीं आपल्या धर्मगुरूंचेंच नांव दिलें. फादर कोडी ह्यांनीं १९३९ सालीं ह्या साऱ्याचा इतिहास लिहिला.

दोन गोष्टी विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, ह्या कामाचा मोठा भार स्त्रियांनीं उचलला. सेंट मार्थाच्या संघांतील धर्मभगिनी विस्तार विभागांत काम करीत. सिस्टर मेरी मायकल ह्यांनीं वाचनालय, हस्तव्यवसाय व स्त्रियांची मंडळें सांभाळिलीं. घरांत कोणतें अन्न विकत येतें व कोणतें घरीं पिकवितां येईल, हें स्वयंपाकघर चालविणारीसच प्रथम कळतें. दुसरी ही कीं, धर्मगुरूंनीं आरंभिलेल्या ह्या संस्था केवळ कॅथलिकांच्या नव्हत्या. प्रॉटेस्टंट शेजारी व त्यांचे पाळकही त्यांत बरोबरीनें होते. भूक आणि कर्ज हीं बाप्तिस्म्याचा दाखला पाहून घरांत शिरत नाहींत, म्हणून त्यांच्याशीं लढणारी मंडळीही एकत्रच असावी लागते.

हें सर्व त्यांनीं शून्यांतून निर्माण केलें, असें नव्हे. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेलच्या विणकरांनीं लोणी, साखर व पीठ विकणारें आपलें दुकान उघडलें होतें. जर्मनींत रायफायझेन ह्यांनीं शेतकऱ्यांच्या पतपेढ्या काढिल्या, आणि १९०० सालीं कॅनडांतच आल्फॉन्स देझार्दाँ ह्यांनीं लेव्ही गांवीं लोकांची पेढी सुरू केली. १८९१ सालीं पोप तेरावे लिओ ह्यांनीं कामकरी वर्गाविषयीं काढलेल्या परिपत्रकानें धर्मगुरूंस ह्या क्षेत्रांत उतरण्याचें बळ दिलें. आपल्या देशांत १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९१८ सालीं मोन्सिन्योर पी. जे. मोनिस ह्यांच्या पुढाकारानें आपल्या वसईंत कॅथलिकांची सहकारी पतसंस्था स्थापन झाली, तीच आज बसीन कॅथलिक बँक म्हणून सर्वांस परिचित आहे. अँटिगोनिशच्या विस्तार विभागाच्या आधीं दहा वर्षें! आपल्या वाडवडिलांना हा मार्ग ठाऊक नव्हता, असें कोणीं म्हणूं नये.

इतिहास सांगावयाचा तर उणें तेंही सांगितलें पाहिजे. अँटिगोनिशच्या त्या संस्थांपैकीं कित्येक पुढें मोठ्या कंपन्यांपुढें टिकल्या नाहींत. दुकानें वाढलीं, पण अभ्यासमंडळें ओस पडत गेलीं. ज्या पिढीनें लढून संस्था मिळविली तिच्या मुलांना ती केवळ एक दुकान वाटूं लागली. आणि समुद्राचा हिशेब तर पुष्कळ काळ कोणीं मांडिलाच नाहीं. मोठमोठ्या जहाजांनीं मासळी इतकी उपसली कीं, १९९३ सालीं नोव्हा स्कोशियाच्या पूर्वेकडील पाण्यांतील कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली. जाळें आपलें झालें, कारखाना आपला झाला, परंतु समुद्रच रिता झाला तर मालकी कशाची? विहिरींचें गोडें पाणी व वाडींची माती ज्यांनीं आपल्या डोळ्यांदेखत हटतांना पाहिली आहे, त्यांस ह्या वाक्याचा अर्थ आम्हीं समजावून सांगावयास नको.

फादर टॉम्पकिन्स १९५३ सालीं व फादर कोडी १९५९ सालीं देवाघरीं गेले. १९५९ सालींच विद्यापीठानें कोडी ह्यांच्या नांवानें एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली, आणि भारतांतूनही अनेक कार्यकर्ते, धर्मगुरु व धर्मभगिनी तेथें शिकून आल्या. आपल्या शेजारीं गुजराथेंत, खेडा जिल्ह्यांतील गवळी-शेतकऱ्यांनीं १९४६ सालीं त्रिभुवनदास पटेल ह्यांच्या नेतृत्वाखालीं दुधाचा संघ बांधिला व मुंबईस जाणाऱ्या दुधाचा भाव आपल्या हातीं घेतला. म्हणजे हें काम थंड देशांतच होतें, असें नव्हे.

आतां त्या वाडीवाल्या बाबांच्या प्रश्नाकडे येतों. त्यांस आम्ही काय उत्तर द्यावें? उधारीचा प्रश्न वसईच्या पूर्वजांनीं १९१८ सालींच हातीं घेतला. परंतु केळीं, पानें, फुलें, वांगीं पहांटेच्या गाडीनें शहरांत गेल्यावर त्यांचा भाव कोण ठरवितो, दलाली किती जाते, आगाशीच्या सुकेळीसारखा टिकाऊ माल आपण आणखी काय करूं शकतों, शेवटीं घरीं काय येतें, हा हिशेब आपण शेजाऱ्याशेजाऱ्यांनीं मिळून क्वचितच मांडिला आहे. आमच्या चौदा वर्षांच्या सेमिनरीच्या शिक्षणांत आम्हांस ईश्वरविद्या शिकविण्यांत आली, आणि तिच्याविषयीं आम्ही ऋणी आहों. पण ज्या भाकरीसाठीं आम्ही रोज वेदीपुढें प्रार्थना करितों ती लोकांच्या घरीं कोणत्या वाटेनें येते, हें आम्हीं फारच थोडें पाहिलें, ही आमची कबुली आहे. पांच भाकरी व दोन मासे ह्यांचा चमत्कार प्रभूनें केला, परंतु त्या भाकरी कोणाजवळ आहेत हें त्यानें शिष्यांस आधीं पाहावयास सांगितलें होतें.

तेव्हां महोत्सवाची सांगता झाल्यावर, पुढील महिन्याच्या पहिल्या बुधवारपासून, रोज़रीनंतर आमच्या राहत्या घराच्या ओटीवर एक दिवा व एक कोरी वही ठेविलेली असेल. वाडीवाले, कोळी, बाजारांत टोपली घेऊन बसणाऱ्या भगिनी, कोणत्याही धर्माचे शेजारी, ज्यांस यावेंसें वाटेल त्यांनीं यावें. भाषण होणार नाहीं. प्रत्येकानें गेल्या हंगामाचा आपला हिशेब तेवढा आणावा. पहिलें पान त्या वृद्ध बाबांसाठीं राखून ठेविलें आहे. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं, परंतु तें कोठें बसून शोधावयाचें, एवढें कॅन्सोच्या कोळ्यांनीं आम्हांस शिकविलें आहे.