धानाच्या बांधीतील गोगलगायखाऊ माशी

ज्याची जमीनदारी ब्रिटिश अमदानीत भंडारा जिल्ह्याच्या दप्तरी दाखल होती, त्या चिचगडच्या मुलखात तलाव, बांध्या आणि धानाचा वसूल यांचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनास त्या पाण्यातील गोगलगायीची वा तिच्या वैऱ्याची दखल घेण्याचे प्रयोजन नव्हते; आणि खरे पाहता, विद्वानांनी तरी ती कोठे वेळेवर घेतली? सायोमायझिडी हे मक्षिकाकुल एकोणिसाव्या शतकापासून शृंगिका व पंखांच्या शिरा पाहून वर्गीकृत होत होते, परंतु त्याच्या अळ्या गोगलगायींवर जगतात, हे व्यापक सत्य कॉर्नेल विद्यापीठाचे क्लिफर्ड बर्ग यांनी १९५३ साली, म्हणजे इकडे जमीनदारी कायद्याने नाहीशी झाल्यानंतर, प्रसिद्ध केले. याच कुलातील, भारतातही आढळणाऱ्या सेपेडॉन या प्रजातीची तपकिरी माशी, लांब शृंगिका पुढे रोखून, पाणथळीतील देठावर डोके खाली करून बसते. तिची अळी हवा गिळून तरंगते, शेपटीकडील श्वासरंध्रे पृष्ठभागाशी टेकवते आणि शंखात शिरून मांस कुरतडते. जनावरांच्या यकृतातील पर्णकृमीस आश्रय देणाऱ्या गोगलगायी आवरण्यासाठी हवाई बेटांत १९५०च्या दशकाअखेर मध्य अमेरिकेतील सेपेडॉन मुद्दाम आणून सोडली गेली.