करड्या काचेचा रंग

१६ फेब्रुवारी १९८०च्या सूर्यग्रहणात आमच्या आळीतल्या पोरांनी रॉकेलच्या चिमणीवर काचेचे तुकडे धरून काजळी चढवली होती. काच काळीकुट्ट, पण तिच्यातून सूर्य दिसला तांबूस. नुसता मंद दिसायला हवा, तांबूस का, हे कुणी विचारलं नाही. (तसं पाहणं डोळ्यांना धोक्याचंच होतं, त्याचं एक कारण पुढे येईल.)

काजळी म्हणजे कार्बन. त्याचे बारीक कण निळा प्रकाश जास्त अडवतात, तांबडा कमी. फोटोग्राफीत रंग न बदलता नुसता प्रकाश कमी करायला लावतात त्या न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे एनडी फिल्टरच्या वंशावळीत हाच कार्बन बसलेला आहे. क्रॉयडनच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने जिलेटिनचे फिल्टर नावारूपाला आणले. १९०६मध्ये केनेथ मीस हा रसायनशास्त्रज्ञ तिथे दाखल झाला आणि १९१२मध्ये कोडॅकने कंपनीच विकत घेतली. कोडॅकच्या यादीत ९६ क्रमांकाचा रॅटन फिल्टर करडा: जिलेटिनमध्ये कार्बनची पूड आणि तिचा तांबूसपणा मारायला जोडीला रंगद्रव्यं. झाक काढायची खटपट इथे फिल्टरच्या पाककृतीतच आहे.

‘डेन्सिटी’ हा शब्द त्याहून जुना. हर्टर आणि ड्रिफील्ड या जोडीने १८९०मध्ये काळेपणा लॉगॅरिदममध्ये मोजायची रीत मांडली. म्हणून ०.३ म्हणजे एक स्टॉप, प्रकाश निम्मा, ३.० म्हणजे दहा स्टॉप, हजारात एकच भाग आत. पण ‘न्यूट्रल’ कुणाच्या नजरेला? कृष्णधवल प्लेटला झाक दिसतच नव्हती. १९३५मध्ये कोडाक्रोम आली, रंगीत फिल्म हळूहळू घरोघरी गेली, आणि करड्या काचेचं बिंग फुटलं. तरी फिल्मच्या काळात दोष वाटला जायचा. एक्स्पोजर लांबलं की फिल्म स्वतःच रंग बदलते, त्यामुळे गुन्हेगार काच की फिल्म, याचा निवाडा अवघड. उपाय मात्र एकच: उलट्या रंगाचं फिकट जिलेटिन पुढे लावायचं.

१९७८पासून फ्रान्सच्या कोकँ कंपनीने रेझिनचे चौकोनी फिल्टर स्वस्त केले. त्यांतल्या अर्ध्या गडद फिल्टरचं नाव ‘ग्रॅज्युअल ग्रे’. त्यातून आभाळ गुलाबी होतं अशी ओरड झाली. मला ते नाव प्रामाणिक वाटतं. ‘ग्रे’ म्हटलं होतं, ‘न्यूट्रल’ नव्हे.

मग आली दहा स्टॉपची हाव: भर उन्हात अर्धा मिनिट शटर उघडं ठेवायचं आणि लाटांचं धुकं करायचं. इथे गणित आड येतं. एका स्टॉपची काच लाल ५१ टक्के आणि निळा ४९ टक्के सोडते असं धरा. डोळ्याला ती अगदी स्वच्छ करडी. पण तशा दहा काचांइतकी जाडी झाली की लाल निळ्याच्या जवळजवळ दीडपट होतो. बी प्लस डब्ल्यू कंपनीची दहा स्टॉपची काच तपकिरी झाक देते, तर २०१०मध्ये आलेला ली कंपनीचा ‘बिग स्टॉपर’ निळी.

डिजिटलमध्ये ही झाक निघते. फिल्टर लावून करड्या कार्डाचा फोटो घ्यायचा आणि त्यावर व्हाइट बॅलन्स ठरवायचा. रॉ फाइल असेल तर हे घरी बसूनही होतं. झाक सगळ्या चित्रावर सारखी असते, त्यामुळे लाल-हिरव्या-निळ्याला एकेका आकड्याने गुणलं की बहुतेक काम भागतं. फार गडद झाकेत मात्र उपाशी राहिलेला रंग खेचून वर आणावा लागतो आणि सोबत रवाही वर येतो.

पण सिलिकॉनच्या सेन्सरला आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो. २००६च्या लायका एम८ कॅमेऱ्यात त्याला अडवणारी काच कमजोर निघाली, काळं सिंथेटिक कापड जांभळं झालं, आणि कंपनीने ग्राहकांना दोन-दोन फिल्टर फुकट दिले. एनडीने तर ही गळती उघडीच पाडली. तो दिसणारा प्रकाश हजारपट कापतो, अवरक्त बराच सोडून देतो. शटर हजारपट वेळ उघडं, म्हणजे गळतीही त्या मानाने फुगते. काजळीच्या काचेतूनही हाच प्रकाश डोळ्यांत घुसायचा. २००७च्या रेड वन कॅमेऱ्यावर गडद एनडी लावून काळे कोट चित्रित केले की ते चॉकलेटी व्हायचे, आणि तेही सगळे सारखे नाही, कापडागणिक वेगळे. अशा ठिकाणी व्हाइट बॅलन्स हात टेकतो. एका कोटाची तपकिरी काढली की बाजूच्या माणसाचा चेहरा हिरवट पडतो. शेवटी अवरक्तही कापणारे ‘आयआर-एनडी’ फिल्टर काढावे लागले.

आणि ज्यांना यातलं काही परवडत नाही, ते हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डिंगची काच आणून रबर बँडने लेन्सला बांधतात. समुद्र रेशमासारखा येतो, पण सगळं चित्र शेवाळी. लाल इतका थोडा उरलेला असतो की खेचूनही हाती फारसं लागत नाही. मग ते फोटो कृष्णधवल करून टाकतात.