न बांधलेल्या वीजकेंद्राचा हिशेब

जबलपूरच्या ग्वारीघाटावर परिक्रमावासी ज्या नर्मदेचे दर्शन घेतात, तिचे पाणी वरच्या अंगाला बरगी धरणाने अडवलेले असते. नर्मदेवरील मोठ्या धरणांच्या साखळीत आरंभी पूर्ण झालेल्या धरणांपैकी हे एक. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथे प्रत्येकी ४५ मेगावॉटची दोन जनित्रे सुरू झाली. जलाशयाची झळ १६२ गावांना पोहोचली. सिंचन आणि पाणीपुरवठा हेही धरणाचे हेतू होते, म्हणून विस्थापनाचा सारा भार विजेच्या खात्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. तरीही एक प्रश्न उरतो. हीच ९० मेगावॉट क्षमता उभारण्याऐवजी घराघरांतून वाचवायची असती, तर काय करावे लागले असते?

असा प्रश्न विचारण्याची शिस्त रुजवण्यात एका भौतिकशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. एन्रिको फर्मी यांचे विद्यार्थी आर्थर रोझेनफेल्ड कॅलिफोर्नियात मूलकणांवर संशोधन करीत. १९७३च्या तेलसंकटात त्यांनी कार्यालयात विनाकारण जळणाऱ्या दिव्यांचा हिशेब मांडला आणि पुढे ते ऊर्जा-कार्यक्षमतेकडेच वळले. केवळ उपदेशाने वीज वाचत नाही, उपकरणच काटकसरी असावे लागते आणि त्यासाठी मानके लागतात, ही त्यांची भूमिका होती. अशा मानकांमुळे आणि सुधारत्या तंत्रज्ञानामुळे १९७०च्या दशकाच्या मध्यापासून पंचवीसएक वर्षांत नव्या अमेरिकी फ्रिजचा सरासरी वीजवापर सुमारे एक चतुर्थांशावर आला, आणि तोही फ्रिजचा आकार वाढत असताना.

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाला आणि उपकरणांवरील तारांकन २००६ पासून सुरू झाले. २०१५च्या ‘उजाला’ योजनेतील घाऊक खरेदीने एलईडी दिव्याचा खरेदीदर तीनशे रुपयांच्या घरातून काही वर्षांतच चाळीस रुपयांच्या खाली आणला.

पंखा मात्र मागे राहिला. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याकडे लक्ष वेधले. अतिकार्यक्षम पंखा ग्राहकाला महाग पडतो, म्हणून प्रोत्साहन थेट उत्पादकाला द्यावे, अशी त्यांची मांडणी होती. संत २०१२ साली अकाली गेले. छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचे व्हायला २०२३ साल उजाडले.

यामागील भौतिकी सोपी आहे. जुन्या पंख्याच्या प्रवर्तन मोटरीत फिरत्या भागातही विद्युतप्रवाह निर्माण करावा लागतो आणि त्यातील बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. बीएलडीसी मोटरीत ते काम कायमचुंबक करतात. त्यामुळे ७० ते ७५ वॉटऐवजी ३० ते ३५ वॉटमध्ये साधारण तेवढाच वारा मिळतो.

आता ९० मेगावॉटला ४० वॉटने भागा. उत्तर येते साडेबावीस लाख. एवढे पंखे एकाच वेळी फिरत असतील आणि ते सारे बदलले, तर बरगीच्या दोन्ही जनित्रांच्या पूर्ण क्षमतेइतकी मागणी त्या क्षणी नाहीशी होते. तारांमधली गळती धरली, तर याहून थोडे कमी पंखेही पुरतील.

या हिशेबाला एक मर्यादा आहे. विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवले होते की, कोळसा काटकसरीने वापरता येऊ लागला की त्याचा एकूण वापर वाढू शकतो. वाचलेल्या पैशातून आपण आणखी एक उपकरण घेतले, तर बचत तेथेच विरते.

न बांधलेल्या केंद्राचे उद्घाटन होत नाही आणि ज्यांचे गाव बुडाले नाही त्यांची नोंद कोठेही होत नाही. म्हणूनच बचतीची बाजू मांडणाऱ्याला आकडे हाताशी ठेवावे लागतात. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील पंखे मोजावेत, त्यांच्यावरील वॉट वाचावेत आणि हा भागाकार स्वतः करून पाहावा.