शिल्लक कशी पडते? वऱ्हाडाच्या इतिहासातील एक धडा

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या सोन्यापैकी सामान्य घरात शिल्लक किती राहिली?

1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला विलक्षण भाव आला. पैसा आला, पण ठेवावयाचा कोठे? टपाल खात्याची बचत बँक 1882 मध्ये निघाली. तोवर शिल्लक म्हणजे पेवातले धान्य, अंगावरची चांदी आणि गोठ्यातली जनावरे. युद्ध संपताच भाव कोसळले. पुढे 1899-1900 चा भीषण दुष्काळ आला. दुष्काळात पेव रिकामे होते, जनावरे चाऱ्यावाचून मरतात आणि सगळेच दागिने विकू लागल्याने त्यांना भाव येत नाही. अशी बचत नेमकी गरजेच्या वेळीच दगा देते.

1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले व शाखा खेड्यांकडे वळल्या. 2014 मध्ये जनधन योजनेने गरिबांचीही खाती उघडली. तरीही खाते उघडले म्हणजे बचत झाली, असे नव्हे. कमाई किती, ती नियमित आहे काय, खाणारी तोंडे किती, महागाई केवढी, यांवर शिल्लक अवलंबून असते. पगारदाराला दरमहा पैसा मिळतो. आपल्या शेलूबाजार परिसरातील शेतकऱ्याला तो हंगामाला मिळतो आणि आधी उधारीत जातो.

व्याज नको म्हणून आपल्यातील काही जण बँकेपासून दूर राहतात. पण आपल्या स्त्रियांची भिशी पाहा. तीत व्याज नाही. ठरलेली तारीख आणि परस्परांचा विश्वास आहे. माझ्या बी.एड.ची फी भरावयाची होती, तेव्हा अम्मीची पाळी यायला अवकाश होता. शेजारच्या खालांनी आपली पाळी तिला दिली. म्हणूनच मी आज शिक्षक आहे.

मात्र भिशीला लेखी हमी नसते. म्हणून पालकांनो, पिकाचा पैसा हाती येईल त्याच दिवशी मुलामुलींच्या शिक्षणाचा वाटा प्रथम बाजूला काढून सुरक्षित जागी ठेवा. विद्यार्थ्यांनो, घरातील पासबुक वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. संकटाच्या वर्षी प्रथम मुलीची शाळा सुटते. ती सुटू न देणारी शिल्लक हीच खरी बचत होय.