‘डीप ब्ल्यू’च्या विजयाची पूर्वपीठिका

११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्क येथे ‘डीप ब्ल्यू’ या संगणकाने विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह यांना ३.५–२.५ गुणांनी नमविले. सेकंदाला सुमारे २० कोटी पटस्थिती तपासण्याचा त्याचा वेग गाजला. परंतु केवळ वेगाला श्रेय देणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरते. त्याचा पूर्वज ‘डीप थॉट’ कार्नेगी मेलन विद्यापीठात घडला व १९८९ मध्ये जागतिक संगणक बुद्धिबळ विजेता ठरला. एकच चाल इतरांहून स्पष्टपणे सरस असेल तेथे शोध अधिक खोल न्यावा, ही पद्धती त्याचे निर्माते फेंग-श्युंग शू, मरे कॅम्पबेल व बनारस हिंदू विद्यापीठाचे माजी विद्यार्थी थॉमस अनंतरामन यांनी मांडली होती. कोठे अधिक विचार करावा, हा विवेक यंत्रास माणसानेच दिला. म्हणून १९९७ चा निकाल मानवी बुद्धीचा पराभव मानता येत नाही.