वऱ्हाडातील दवाखान्यांमधील रुग्णमाहितीची गोपनीयता

रुग्णमाहितीची गोपनीयता म्हणजे उपचारांच्या निमित्ताने डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर, प्रयोगशाळा किंवा औषध दुकानदार यांना कळलेली रुग्णाची वैयक्तिक व आरोग्यविषयक माहिती जपून ठेवण्याचे आणि रुग्णाची संमती किंवा कायद्याचा आधार असल्याशिवाय ती इतरांना न देण्याचे कर्तव्य होय. महाराष्ट्रातील वऱ्हाड भागातील अमरावती व अकोला या जिल्ह्यांत लहान खासगी दवाखाने, प्राथमिक आरोग्य केंद्रे, जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये अशा वेगवेगळ्या स्तरांवर ही माहिती गोळा होते. तिच्या हाताळणीसाठी एकच सर्वसमावेशक कायदा नाही. वैद्यकीय आचारसंहिता, आजारनिहाय कायदे, न्यायालयीन निर्णय आणि विदा संरक्षणाचे नवे कायदे मिळून ही चौकट तयार झाली आहे.

## संकल्पना

आरोग्यविषयक माहितीत रोगनिदान, तपासण्यांचे अहवाल, औषधयोजना, क्ष-किरण व सोनोग्राफीच्या प्रतिमा, व्यसने, कौटुंबिक व वैवाहिक जीवनाचे तपशील आणि आनुवंशिक आजार यांचा समावेश होतो. नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक आणि भेटीची तारीख ही माहितीही याच कक्षेत येते. एखादी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा एचआयव्ही चाचणी केंद्रात गेली होती, एवढ्या एका गोष्टीवरूनही तिच्या आजाराविषयी अनुमान काढता येते.

भारतीय वैद्यकपरंपरेत ही कल्पना जुनी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असा दंडक आहे. ग्रीक परंपरेतील हिपोक्रॅटिसच्या शपथेतही याच आशयाचे वचन आढळते. या कर्तव्यामागे नीतीबरोबर व्यवहाराचाही विचार आहे. सांगितलेली गोष्ट बाहेर जाईल अशी भीती वाटल्यास रुग्ण लक्षणे लपवतो, उपचारांस उशीर करतो किंवा उपचार अर्ध्यावर सोडतो. त्याचा परिणाम त्याच्या स्वतःच्या प्रकृतीवर होतोच, शिवाय संसर्गजन्य आजारांत तो इतरांवरही होतो.

## स्थानिक संदर्भ

तालुक्याच्या गावी दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसे बहुधा एकमेकांच्या ओळखीची असतात. रुग्णासोबत नातेवाईक किंवा शेजारी येण्याची पद्धत आहे आणि कंपाउंडरही अनेकदा त्याच गावचा असतो. तपासणीची खोली व प्रतीक्षेची जागा यांच्यामध्ये केवळ पडदा असल्यास आतले बोलणे बाहेर ऐकू जाते. त्यामुळे अशा ठिकाणी माहिती उघड होण्याचा धोका संगणकाइतकाच बोलण्यातूनही संभवतो.

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या मेळघाटातील तालुक्यांत कोरकू भाषा बोलली जाते. डॉक्टरला कोरकू येत नसल्यास दुभाष्याची मदत घ्यावी लागते. दुभाषी म्हणून गावातलाच माणूस किंवा घरातली व्यक्ती बसल्यास, विशेषतः स्त्रियांच्या आजारांबाबत, रुग्णाला मोकळेपणाने बोलणे कठीण जाते. दुभाष्याला मिळालेली माहितीही गोपनीय असते.

आजाराशी जोडलेल्या सामाजिक कलंकाचा या भागात दीर्घ इतिहास आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन ही संस्था उभारली, त्या काळी या आजाराचे निदान उघड होणे म्हणजे घर व गाव सुटण्यासारखेच होते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद हिंदू विवाह कायद्यासह विविध वैयक्तिक कायद्यांतून २०१९ मध्ये वगळण्यात आली.

## दवाखान्यातील नोंदी

लहान दवाखान्यात केस पेपर, बाह्यरुग्ण नोंदवही, तपासण्यांचे अहवाल, रेफर चिठ्ठ्या व वैद्यकीय प्रमाणपत्रांची नोंदवही अशा नोंदी असतात. आंतररुग्ण विभाग असल्यास भरतीचे कागद, शस्त्रक्रियेपूर्वीचे संमतिपत्र आणि डिस्चार्ज कार्ड यांची त्यात भर पडते. नोंदी ज्या कागदावर किंवा संगणकावर असतात तो दवाखान्याच्या ताब्यात असला, तरी त्यातील माहिती मिळण्याचा हक्क रुग्णाला आहे.

गोपनीयता राखण्यासाठी पुढील पद्धती अवलंबल्या जातात :

* रुग्णाला प्रतीक्षेच्या जागी केवळ नावाने किंवा क्रमांकाने हाक मारणे, आजाराचा उल्लेख न करणे
* तपासणीच्या वेळी एका वेळी एकच रुग्ण आत घेणे, सोबतच्या व्यक्तीने थांबावे की नाही हे रुग्णालाच विचारणे
* केस पेपर कुलूपबंद कपाटात ठेवणे आणि कोणत्या कर्मचाऱ्याने काय पाहावे हे ठरवून देणे
* संगणकाला प्रत्येकाचा स्वतंत्र पासवर्ड ठेवणे व पडदा प्रतीक्षेतील रुग्णांना दिसणार नाही असा वळवणे
* दूरध्वनीवर अहवाल सांगण्यापूर्वी समोरच्या व्यक्तीची ओळख पटवणे
* मुदत संपलेले कागद रद्दीत न देता बारीक तुकडे करून नष्ट करणे

व्हॉट्सॲपवर अहवाल पाठवणे आता सर्रास झाले आहे. घरातील एकच मोबाइल अनेकजण वापरत असल्यास अहवाल रुग्णाआधी दुसऱ्याच्या हाती पडू शकतो. डॉक्टरांच्या गटात सल्ल्यासाठी टाकलेल्या छायाचित्रातून नाव, चेहरा व नोंदणी क्रमांक वगळणे अपेक्षित असते.

औषध दुकानांतही नोंद राहते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची एच-१ मधील औषधे विकताना रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती ३ वर्षे ठेवावी लागते. या अनुसूचीत क्षयरोगावरील औषधांचाही समावेश आहे.

## कायदेशीर चौकट

### वैद्यकीय आचारसंहिता

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे व्यावसायिक वर्तन विनियम लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम अधिसूचित केले होते, परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देण्यात आली. २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात. रुग्णाने, त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने किंवा कायदेशीर यंत्रणेने मागणी केल्यास त्या ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात. व्यवसायात कळलेले रुग्णाचे गुपित उघड करणे हे गैरवर्तन मानले जाते. आयुर्वेद व होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी त्यांच्या परिषदांच्या स्वतंत्र आचारसंहिता आहेत.

महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खालील नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्ण हक्कांची सनद समाविष्ट करण्यात आली. हा अधिनियम रुग्ण भरती करून घेणाऱ्या आस्थापनांसाठी आहे. केवळ बाह्यरुग्ण तपासणारा दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे तेथे प्रामुख्याने आचारसंहितेचाच आधार उरतो.

### न्यायालयीन निर्णय

रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना उपचारांच्या कागदपत्रांच्या प्रती मिळाल्या पाहिजेत, असे स्पष्ट केले. गोपनीयतेचे कारण सांगून रुग्णाकडूनच माहिती लपवता येत नाही, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

‘मिस्टर एक्स’ विरुद्ध ‘हॉस्पिटल झेड’ या १९९८ च्या प्रकरणात रक्तदानाच्या वेळी एचआयव्ही संसर्ग आढळलेल्या व्यक्तीची माहिती बाहेर गेली व तिचा ठरलेला विवाह मोडला. सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयतेचा हक्क निरपवाद नसल्याचे सांगून नियोजित वधूच्या आरोग्याला प्राधान्य दिले.

राज्याचे माजी वनमंत्री सुरूपसिंह नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची शिक्षा दिली. त्यांपैकी बरेच दिवस ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात होते. माहिती अधिकारात त्यांच्या उपचारांच्या नोंदी मागण्यात आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये वैद्यकीय आचारसंहिता माहिती अधिकार कायद्यापेक्षा वरचढ ठरत नाही, असा निर्णय दिला. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या बाबतीत सार्वजनिक हित विचारात घ्यावे लागते, अशी त्यामागची भूमिका होती.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले.

### विदा संरक्षण

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३अ खालील २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी आणि शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती यांना संवेदनशील माहिती म्हटले आहे. या कलमातील व्याख्येत एकल मालकीचे व्यवसायही येतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांच्या अवधीनंतर लागू होतात. वैद्यकीय आणीबाणी व साथीच्या काळात संमतीविना माहिती वापरण्याची मुभा या कायद्यात आहे.

हा कायदा केवळ डिजिटल स्वरूपातील माहितीला लागू होतो. कपाटातील हस्तलिखित केस पेपर त्याच्या बाहेर राहतो, मात्र त्याचे छायाचित्र काढून दवाखान्याच्या संगणकात साठवल्यास ती माहिती कायद्याच्या कक्षेत येते.

## विशेष संरक्षण असलेली माहिती

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार व्यक्तीची एचआयव्ही स्थिती तिच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही. जोडीदाराला धोका असल्यास डॉक्टर किंवा समुपदेशक त्यास कळवू शकतो, परंतु त्याआधी रुग्णाचे समुपदेशन करणे व कळवण्याचा हेतू त्याला सांगणे आवश्यक आहे. हिंसा होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची वाजवी भीती असल्यास, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, जोडीदाराला कळवू नये, अशीही तरतूद आहे.

वैद्यकीय गर्भपाताची नोंदवही गोपनीय दस्तऐवज असून २०२१ च्या दुरुस्तीने स्त्रीची ओळख उघड करणे शिक्षापात्र ठरवले. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक रुग्णाच्या माहितीला संरक्षण दिले आहे.

सिकलसेल या आनुवंशिक आजाराचा प्रश्न मेळघाटासह विदर्भाच्या अनेक भागांत आहे. तपासणीनंतर व्यक्तीला तिची स्थिती दर्शवणारे कार्ड दिले जाते. विवाहापूर्वी दोन्ही वाहकांना धोका समजावा, हा त्याचा उपयोग आहे. तेच कार्ड परस्पर इतरांच्या हाती गेल्यास मात्र मुलीचे लग्न अडण्याची भीती कुटुंबाला असते. एका व्यक्तीच्या अहवालातून भावंडे व पालक यांच्याविषयीही माहिती कळत असल्याने आनुवंशिक माहितीचा प्रश्न अधिक नाजूक ठरतो.

## गोपनीयतेचे अपवाद

न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले आजार हे २००२ च्या विनियमांतील प्रमुख अपवाद आहेत. भारतीय साक्ष्य अधिनियमात वकिलाला असलेले संरक्षण डॉक्टरला नाही. त्यामुळे न्यायालयाने विचारल्यास त्याला उत्तर द्यावे लागते.

क्षयरोग मे २०१२ पासून कळवणे बंधनकारक आहे. खासगी डॉक्टरही निक्षय प्रणालीद्वारे रुग्णाची नोंद करतात. या नोंदीमुळे रुग्णाला पोषण आहारासाठी अर्थसाहाय्य मिळते व संपर्कातील व्यक्तींची तपासणी होते. मात्र आरोग्य कर्मचारी घरी आल्यावर शेजाऱ्यांना आजार कळण्याची शक्यता असते. भेटीची वेळ व जागा रुग्णाला विचारून ठरवणे हा त्यावरील उपाय आहे.

बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना द्यावीच लागते. कापूसपट्ट्यात फवारणीतून किंवा अन्य कारणाने कीटकनाशकाची विषबाधा झालेले रुग्ण येतात. शासकीय रुग्णालयांत अशा रुग्णांची वैद्यकीय-न्यायिक नोंद करून पोलिसांना कळवले जाते. पोलिसांना कळवणे कायदेशीर असले, तरी ती माहिती गावकऱ्यांना किंवा वार्ताहरांना देण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

कोविड-१९ साथीत हा भेद धूसर झाला. मार्च २०२० मध्ये राज्यात गृह विलगीकरणातील व्यक्तींच्या हातावर शिक्के मारण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी लागली. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्षम प्राधिकाऱ्याचा विशिष्ट आदेश असल्याशिवाय रुग्णांच्या घरांवर फलक लावू नयेत, असे सांगितले होते.

## शासकीय योजना व डिजिटल नोंदी

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात अमरावतीचा समावेश होता. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. उपचारांच्या पूर्वमंजुरीसाठी रुग्णाची कागदपत्रे व अहवाल ऑनलाइन पाठवले जातात, त्यामुळे ही माहिती डॉक्टरशिवाय आरोग्यमित्र व योजनेची यंत्रणा यांच्यापर्यंतही पोहोचते.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये व्यक्तीला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो. नोंदी रुग्णाच्या संमतीनेच एका ठिकाणाहून दुसरीकडे जाव्यात, असे या व्यवस्थेचे तत्त्व आहे. गावातून अमरावती, अकोला किंवा नागपूरला रेफर झालेल्या रुग्णाच्या जुन्या नोंदी त्यामुळे सहज मिळू शकतात. स्वतःचा मोबाइल नसलेल्या किंवा वाचता न येणाऱ्या रुग्णाची संमती दुसऱ्याच्या हातून दिली जाण्याचा धोका मात्र राहतो.

## तक्रार निवारण

डॉक्टरने गोपनीयतेचा भंग केल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे किंवा संबंधित पद्धतीच्या परिषदेकडे तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराविना उघड करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यामुळे शुल्क घेऊन दिलेल्या सेवेबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. डिजिटल माहितीबाबत भारतीय विदा संरक्षण मंडळाची तरतूद आहे. तक्रार करताना रुग्णाला आपला आजार पुन्हा एकदा कागदावर मांडावा लागतो, ही या सर्व मार्गांची मर्यादा आहे. एकदा बाहेर गेलेली माहिती दंड किंवा भरपाईने परत घेता येत नसल्याने दवाखान्यातील रोजच्या दक्षतेला निवारणापेक्षा अधिक महत्त्व प्राप्त होते.

## हेही पाहा

* महाराष्ट्र वैद्यक परिषद
* माहितीचा अधिकार
* मेळघाट
* तपोवन, अमरावती